अमरचंदला सुरतेला नेते आहे

हुकमीचंद,

तू दुकानातून येशील तेव्हा मी आणि सायर तिच्या नवऱ्याला, अमरचंदला, घेऊन सुरतेच्या गाडीत असू. भाकरी झाकून ठेवली आहे.

काल अमरचंदने कातडीखाली किडे फिरतात म्हणून सुईने हात उकरला. मिरचीच्या पोत्यांमागे पोलीस लपलेत म्हणतो. सायरने विष घातलं म्हणून वरणाला शिवत नाही. तू भगत आणून आपल्या धाकट्या भावाला मिरच्यांची धुरी दिलीस. मी डॉक्टरांना आणलं. त्यांनी डोळे पाहिले, जीभ पाहिली आणि विचारलं, "याला कोकेनचं पान कोण देतं?"

मी सांगितलं, "याचा मोठा भाऊ. हंगामात झोप न घेता काम करावं म्हणून."

"बाई, हे भूत नव्हे. पान कायमचं बंद करा. खाऊ घाला, झोपू द्या, एकटं सोडू नका. सुरतेच्या दवाखान्यात ठेवलंत तर सुधारेल."

तू तिकडे येऊ नकोस. सुई काढून घेतली तेव्हा तो मला वैरीण म्हणाला, आणि तुझ्यासाठी रडला, "मोठाभाईले बलावा. मन्हावर फक्त तेन्हाच जीव शे."

तुझी बहीण,
पानीबाई