बिरूचा करदोडा

ता. ७ जानेवारी १९२९
नाताळच्या सुटीनंतर मिशनच्या बालगृहात शिकवणी पुन्हा सुरू. मिस बार्टन यांच्या मराठीतील चुका सुटीत वाढल्या आहेत; उत्साह मात्र तसाच. तान्ह्या पोरांनाही 'आपण' म्हणतात. एका पोराला "आपण दूध प्यावे" असे म्हणाल्या, तेव्हा आया मार्था तोंडाला पदर लावून बाहेर गेली. एकवचनाचा प्रयोग समजावून दिला. पटला नाही. लहान आहे म्हणून मान कमी का, असे विचारतात. उत्तर उद्या देईन म्हटले.
त्यांच्या गावच्या बायकांनी लोकरी टोप्यांचे गाठोडे धाडले आहे. निम्म्या टोप्या चीनमधील इस्पितळात काम करणाऱ्या बहिणीकडे गेल्या, निम्म्या इकडे आल्या. सोलापुरात संक्रांतीनंतर लोकरी टोपी कोण घालणार? तरी बाई एकेक टोपी उचलून विणणारीचे नाव सांगत होत्या. आपली आई घरी एकटीच असते म्हणाल्या.
घरी येताच नित्याप्रमाणे मिशनात घालायचा कोट ओसरीवरील खुंटीला, मी आंघोळीला आडावर. सौ. पाणी ओतताना: "झाली का तुमची मडम ब्राह्मणीण?"

ता. १५ जानेवारी
आज एक धनगरीण मूल घेऊन आली. नाव लगमव्वा, मैंदर्गीकडची. मेंढरे सध्या होटगीच्या वाटेवर एका शेतात खतासाठी बसवली आहेत. मूल बिरू, वर्षाचे होत आले असावे, पण चेहरा म्हाताऱ्याचा, हातपाय काड्यांसारखे. ढाळ थांबत नाहीत, आईचे दूध आटलेले.
बाईंचे बोलणे तिला कळेना, तिचे त्यांना. मध्ये मी. बाईंचे म्हणणे, मूल दोन महिने येथेच ठेवावे, वाचेल. ती माझ्याकडे वळून म्हणाली, "मास्तर, तुमीच सांगा. ठिवू का हितं? तुमी आपलं मानूस."
मी म्हणालो, ठेव.
पुढच्या आठवड्यापासून दर बाजाराच्या दिवशी पाहून जाईन म्हणाली. तिला राहता येत नाही; नवरा एकटा, मेंढरे पुष्कळ. जाताना पोराच्या कमरेवरून हात फिरवून काही पुटपुटली. कानडीत. देवाचे नाव असावे.

ता. १९ जानेवारी
पोराच्या पोटात दूध ठरू लागले आहे. आज धडा मध्येच थांबवून बाईंनी मला आत बोलावले. बिरूला न्हाऊ घालीत होत्या. कमरेच्या काळ्या दोऱ्याखाली कातडी सोलून जखम झाली होती, दोरा राखेने व मळाने कडक झालेला. "पंडितजी, याला काय म्हणतात?"
करदोडा, मी म्हणालो. पुल्लिंगी. संस्कृतात कटिसूत्र. पुढे थोडे मुंजीच्या मेखलेविषयीही सांगितले.
कात्री मार्थाच्या हातात होती. ती तशीच उभी राहिली व माझ्याकडे पाहू लागली. ती जन्माने याच मुलखातली. तिला ठाऊक होते, मलाही होते. माणूस गेल्यावरच करदोडा तोडतात. जिवंत पोराचा बदलायचा तरी नवा बांधल्यावाचून जुना काढीत नाहीत.
शाळेत मी मुलांना असल्या समजुतींबद्दल नेहमी हसलो. पण परक्या बाईने आमच्या लोकांना हसावे, हे मला आवडले नसते. ते मनात आले, आणि मी करदोड्याचे अनेकवचन सांगितले. मार्थाने कातरले. बाईंनी मलम लावून पट्टी बांधली. पोर शांत झोपले.
लिहिताना बरे वाटत नाही.

ता. २२ जानेवारी
बिरूने आज मार्थाचे बोट धरले. बाई मुलासारख्या आनंदल्या; "आपण बलवान झालात" असे त्याला म्हणाल्या. मी दुरुस्ती केली नाही.
करदोड्याचे सांगावे असे दोनदा ओठांवर आले. नवा दोरा आणणे कठीण नाही. नवी पेठेत वाटेवरच मिळतो. परंतु पहिल्याच दिवशी का सांगितले नाही, असे त्या विचारतील. सोमवारी सांगेन.

ता. २६ जानेवारी
बाजाराचा दिवस. लगमव्वा आली. सोमवार उजाडण्याआधी.
पोर तिला पाहून हसले. जवळ घेतले, गालफडे भरल्यासारखी दिसली म्हणून तीही हसली, माझ्याकडे पाहून म्हणाली, "मास्तर, लई बरं केलंसा." मग फलाणीनचे झबले वर करून कमरेला हात लावला. हात तिथेच राहिला.
"कुनी तोडला?"
बाई माझ्याकडे पाहत होत्या. त्यांना वाटले, जखमेविषयी विचारते आहे. पट्टी दाखवून त्या म्हणाल्या, "मी काढले. आता बरे आहे."
"बाई, मेल्यावर तोडत्यात करदोडा. माजं पोरगं जित्तं हाय की."
ओरडली नाही. नेसूचा काठ फाडून तिथल्या तिथे पोराच्या कमरेला बांधला, पोर पाठीशी टाकले आणि निघाली. बाई फाटकापर्यंत मागे धावल्या. "कृपा करून थांबावे. अजून बरे झालेले नाही. कृपा करून थांबावे." प्रत्येक शब्द शुद्ध. मीच शिकवलेला. ती वळलीसुद्धा नाही.
परत आल्यावर बाईंनी मला इंग्रजीत विचारले, हे मला ठाऊक होते का. ठाऊक होते म्हणालो. त्यांनी पुस्तक मिटले व आत गेल्या. मार्थाने रिकाम्या पाळण्यातील दुपटे उचलून घडी घातली.

ता. २७ जानेवारी
सौ.ला सारे सांगितले. इतके दिवस मिशनची गोष्ट निघाली की ती थट्टा करते. आज केली नाही. तवा उतरवून ठेवला व एवढेच विचारले, "कात्री चालली तेव्हा तुम्ही तिथं होतात?"
होतो.
तिने पुन्हा तवा चढवला.

ता. ३० जानेवारी
शिकवणीस गेलो, न जाणे सोपे होते. बाईंनी व्याकरण उघडलेच नाही. म्हणाल्या, पंडितजी, जे जे करू नये ते सारे मला आज सांगा. सांगत बसलो. तिन्हीसांजेला पोराला उंबऱ्यावर बसवू नये. रिकामा पाळणा हलवू नये. पोराचे वजन त्याच्या आईदेखत मोठ्याने बोलू नये. त्या हसल्या नाहीत. शेवटच्यावर फक्त म्हणाल्या, "हे तर मी रोज करते."
हसतील म्हणून मी गप्प राहिलो होतो.
त्या स्वतः होटगीच्या वाटेवरील शेतावर जाणार होत्या. मार्थाने अडवले: गोरी बाई दिसली तर मेंढरे सोडून लोक पळतील, पोर ओढून नेते म्हणतील. तेव्हा मी जातो म्हणालो. ढाळ थांबून आठ दिवसही झालेले नाहीत. वरचे दूध तुटले तर पोर पुन्हा पडेल, असे बाई दोनदा म्हणाल्या.

ता. ३ फेब्रुवारी
होटगीच्या वाटेवरचे शेत सापडले. मेंढरांभोवतीची जाळी, वाघर, उठलेली, लेंड्यांचा काळा थर व खुंट्यांची भोके तेवढी राहिली. शेतकरी म्हणाला, परवा हालली मेंढरं, मैंदर्गीकडं. पोर पाहिले का?
"व्हय, बाईच्या पाठीला हुतं की."
रडत होते?
"न्हाई. गप हुतं."
हे बरे की वाईट, ते विचारवेना. परत येऊन बाईंना फक्त मेंढरे कुठे गेली ते सांगितले.

ता. ११ फेब्रुवारी
मैंदर्गीस जाऊन आलो. गाडीने, मग बैलगाडीने. कंबर धरली आहे. बाईंनी दुधाच्या भुकटीचे डबे व एक लोकरी टोपी दिली होती. टोपी मी वाटेत गाठोड्याच्या तळाशी घातली.
गावाबाहेर माळावर त्यांचा तळ. लगमव्वा काठीला टेकून उभी. बिरू घोंगडीवर पडलेला. जिवंत. पण पुन्हा तोच म्हातारा चेहरा, ओठ सुकलेले. कमरेला नवा काळा करदोडा, देवाच्या भंडाऱ्याने पिवळा झालेला.
मी म्हणालो, मडमबाईंना ठाऊक नव्हते. त्यांच्या देशात करदोडा नसतो. त्यांची चूक नाही.
"त्येंची न्हाईच," ती म्हणाली. "त्या परमुलखातल्या. मार्थाबाई त्येंची चाकर. तुमी तर आपलं मानूस न्हवं? तुमी हुतासा तितं. तुमी का न्हाई बोललासा?"
आयुष्यभर लोकांच्या वाक्यांत कर्ता व कर्म दाखवीत आलो.
खाली बसलो. डबा उघडून पाणी उकळून दूध कसे करावे ते दाखवले. चूल तिची, भांडे तिचे. थोडे तिने मलाही दिले. प्यालो. बिरूने दोन चमचे घेतले, तिसरा ओकला.
पोर आजच माझ्याबरोबर दे, असे म्हणालो. नवरा उठून मेंढरांकडे गेला. ती म्हणाली, "बिरोबाला कौल लावते. उजवा दिला तर बाजाराला घिऊन यीन. डावा दिला तर न्हाई." कौल ऐतवारी लावतात. तोवर डबे पुरतील.
निघताना टोपी दिली. तिने ती उलटसुलट पाहिली आणि बिरूच्या पायांवर घातली. दोन्ही पाय त्यात मावले.

ता. १२ फेब्रुवारी
आल्यावर काल आंघोळीस उठलो नाही. सौ.ने आठवणही केली नाही. कोट खुंटीवर आहे की आत, ते पाहिलेले नाही.
कौल या प्रकारास मी भर सभेत अडाणीपणा म्हटलेले आहे. आज दिवसभर मनात, उजवा, उजवा.

ता. २ मार्च
बाजार. सकाळीच बालगृहात जाऊन फाटकाशी बसलो. बाईंनी पाळणा धुऊन उन्हात वाळवला होता. मार्थाने दूध दोनदा गरम केले, दोनदा थंड झाले. गेल्या बाजारालाही असेच.
दुपारी भवानी पेठेतली एक साळीण जुळी घेऊन आली. एकाला जागा झाली, दुसऱ्याला पाळणा नाही. बाई माझ्याजवळ येऊन मराठीत म्हणाल्या, "पंडितजी, बिरूचा पाळणा देऊ की नको? तुम्ही सांगा."
लहानग्याचे रडणे आतून ऐकू येत होते. त्याची आई दारात उभी, काही मागत नव्हती.
मी म्हणालो, द्या. मग उठून फाटकाबाहेर रस्त्यापर्यंत जाऊन आलो. अक्कलकोट-मैंदर्गीकडच्या बैलगाड्या अजून येत होत्या.