नाव, वय, मोबाईल

३ नोव्हेंबर, सोम.
हॉस्पिटलच्या मोठ्या सरांनी आज सगळ्यांसमोर जाहीर करून टाकलं. हार्ट विभागाच्या फोन-डेस्कवर ए.आय. येणार, अन् ते आणायचं काम माझं. "कुंदा जी लीड करेंगी." टाळ्या. मले घरच्या वॉशिंग मशीनचं तिसरं बटन कायचं आहे ते माहीत नाही, अन् मी लीड करणार! हसली मी. दुसरं काय करणार? चहा बशीत सांडला, कोणी पाहिलं नाही.
घरी सांगितलं. हे म्हणाले, "रेल्वेत कॉम्प्युटर आला तेव्हा आम्हीही भेलो होतो. काही होत नाही." यांचं कधी काही होतच नाही. हे रिटायर झाले, मले अजून चार वर्षं काढायची आहेत.

४ नोव्हें., मंगळ.
सकाळी पुण्याले रेवाले फोन केला. मी मराठीत, ती हिंदीत, नेहमीचंच. "मम्मी, गूगल कर लो ना." गूगल केलं. एक वाक्य समजलं नाही. तात्यापाऱ्याच्या गणपतीले जाऊन आली. काय मागायचं हेही सुचलं नाही, नुसती उभी राहिली.

६ नोव्हें., गुरु.
बेंगळुरूची ट्रेनर आली, रिचा. रेवाहून दोन-चार वर्षं मोठी असेल. वर्गात आम्ही सारे बिनटेक्निकल मॅनेजर: बिलिंग, किचन, ॲम्ब्युलन्स अन् मी. तिचं पहिलंच वाक्य, "मशीन मैं देख लूँगी. आप मुझे अपना काम समझाइए."
मग मी सांगितलं. हृदयाची झडप बदललेले पेशंट. रक्त पातळ करायची गोळी जन्मभर. महिन्याले रक्त तपासायचं, डॉ. मॅडम रिपोर्ट पाहून गोळी ठरवणार, अन् फोन-डेस्कची सरोज अन् तिच्या हाताखालच्या पोट्ट्या फोन करून सांगणार: तेवढीच ठेवा, कमी करा, नाहीतर बंद करून ताबडतोब या. रक्त जास्त पातळ झालं तर आत कुठंही फुटते, घट्ट झालं तर झडपेत गुठळी. रिचा लिहून घेत होती. म्हणाली, "आप तो सब जानती हैं." बरं वाटलं. जेवण गेलं आज.
आता रिपोर्ट पाहून मॅडम लाल किंवा हिरवी खूण करणार, फोन मशीन करणार. तेवढाच फरक, म्हणते.

७ नोव्हें., शुक्र.
सरोज जिन्यात भेटली. अठरा-वीस वर्षं फोन-डेस्क तिच्या जिवावर चाललं आहे. "दीदी, हमन ला निकालहीं का?" मी म्हटलं, नाही गं, कोण काढून राहिलं? ती "हव" म्हणाली अन् गेली. मले तरी कुठं माहीत? सरले विचारायची हिंमत झाली नाही. विचारलं अन् ते हो म्हणाले तर?

१० नोव्हें., सोम.
आजचा दिवस माझा होता. कधी नाही ते.
जुन्या रेकॉर्डात एकच पेशंट दोन-दोनदा नोंदलेला आहे. ते एक करायचं, नाहीतर एकाच माणसाले दोन फोन जातील. रिचानं विचारलं, तोच माणूस आहे हे कसं ओळखायचं? नियम तुम्ही द्या, मी मशीनले सांगते. सर मागं उभे. सगळे माझ्याकडं पाहून राहिले. माहीत नाही म्हणायची लाज वाटली. तोंडातून निघालं, "नाव, वय, मोबाईल. तिन्ही सारखं म्हणजे तोच."
सर म्हणाले, "वाह. सिंपल." रिचानं फळ्यावर लिहिलं अन् एकदा विचारलंही, "पक्का ना? कोई एक्सेप्शन?" मी म्हटलं पक्का. आपल्या पाऱ्यात, मोहल्ल्यात तरी कोण आपला नंबर दुसऱ्याले देते? तिनं माझं नाव 'ओनर' म्हणून टाकलं. मालकीण झाली मी, बाप्पा. घरी येताना बूढ़ा तालाबापाशी थांबून मक्याचं कणीस खाल्लं.

१३ नोव्हें., गुरु.
चाचणी. मशीनचा आवाज गोड आहे, हिंदी आपल्यापेक्षा शुद्ध. सरोज एका कानाले फोन लावून ऐकत होती. "बने गोठियाथे," म्हणाली, छान बोलते. पण तोंड उतरलं होतं तिचं. तिच्या पोट्ट्यांनी कुंकवाची डबी आणून स्क्रीनले टिळा लावला.
मले आता वेगळंच भेव वाटून राहिलं. आधी वाटे चालणार नाही. आता वाटते चालेल, अन् आत काय होऊन राहिलं ते मले कधीच दिसणार नाही. सरोज फोन करे तेव्हा मी चार हात लांबून ऐके. कोणाले रागावली, कोणाले दोनदा समजावलं, सारं कानावर पडे.

१७ नोव्हें., सोम.
सुरू झालं. नारळ सरांनी फोडला. संध्याकाळपर्यंत सारे फोन संपले. सरोज रिकामी बसून नखं पाहत होती. मी पाच-सहा वेळा स्क्रीनपाशी जाऊन आली. सगळं हिरवं. हिरवं पाहून जास्तच धडधडते, हे कोणाले सांगू?
शनिवारी पाहुणे येणार आहेत, बाहेरचे मोठे डॉक्टर. हे दाखवायचं आहे त्यांना.

१९ नोव्हें., बुध.
आज जे झालं ते लिहवत नाही. तरी लिहिते.
डॉ. मॅडमनी बोलावलं. "सोमवार को मैंने एक फूलबाई को लाल किया था. गोली बंद, तुरंत बुलाओ. वो आई क्या?" मी स्क्रीन पाहिली. फूलबाई, वय पन्नास, हिरवी. फोन गेला आहे: रिपोर्ट ठीक, गोळी तेवढीच. मॅडम म्हणाल्या, कसं शक्य आहे? खाली पाहिलं तर सोमवारी सकाळचा रिपोर्ट फारच पातळ, दुपारचा एकदम नॉर्मल. मशीनले वाटलं सुधारली, म्हणून फोन जायच्या आधीच लाल काढून टाकलं.
मॅडम हळू आवाजात बोलल्या, "एक ही औरत का खून आधे दिन में ऐसे नहीं बदलता, कुंदा जी. ये दो औरतें हैं."
दोन फूलबाई. एका गावच्या. नंबर एकच. लावला तर बंद. सरोज मागं उभी होती, ती म्हणाली, "ए तो मितानिन के नंबर ए, दीदी." मितानिन म्हणजे पाऱ्याची आरोग्यवाली. ज्यांच्यापाशी फोन नाही ते सारे तिचाच नंबर देतात. अन् वय? वय कोण सांगते? काउंटरवाला विचारते, बाई म्हणते लिख दे पचास.
नाव, वय, मोबाईल. मीच दिला होता नियम.
एक बाई कुठंतरी रोज गोळी खाऊन राहिली. मशीननं सांगितलं आहे, तेवढीच ठेवा.

२० नोव्हें., गुरु.
सकाळपासून मितानिनचा फोन बंद. सरोज म्हणाली तिचं ट्रेनिंग असेल ब्लॉकात, म्हणजे तालुक्याले, नाहीतर चार्जिंग नसेल. मी ॲम्ब्युलन्स-डेस्कले हात जोडून गाडी पाठवली. गाव आरंगच्या पलीकडं. ड्रायव्हर पोचला अन् त्याचा फोन, "दीदी, पारा में ताला है. सब धान काटने गए हैं. शाम तक रुकता हूँ." मी म्हटलं रुको, कितीही उशीर होऊ दे.
दुपारी गाडी परत. सरांनी बोलावली. विमानतळावर पाहुणे दोन दिवस आधीच येऊन राहिले, त्यांना आणायले.
गेली मी केबिनमध्ये. सगळं सांगितलं, नियम माझा होता हेही. सर ऐकत होते, मोबाईल पाहत होते. "कुंदा जी, गाड़ी परसों भेज देंगे. एक केस है. और शनिवार तक ये बात इस कमरे से बाहर नहीं." वरून म्हणे, आपने ही तो बनाया है. झाकली मूठ सव्वा लाखाची. मी मान हलवून बाहेर आली. स्वतःचीच किळस आली.
हे जेवताना म्हणाले, "काहून गप आहेस?" सांगितलं. हे पहिल्यांदा "काही होत नाही" म्हणाले नाहीत. ताटावरून उठले, हात धुतला, म्हणाले, "त्या बाईले कोण सांगणार मग?"

२१ नोव्हें., शुक्र.
रिचाले फोन केला. तिले सगळं सांगितलं. ती म्हणाली, "बंद कर दीजिए. आप ओनर हैं, सर नहीं." मी विचारलं, बंद कसं करायचं? चालू कसं करायचं ते तिनं तीन-तीनदा शिकवलं होतं, बंद करायचं आम्ही कोणी विचारलंच नव्हतं. एक बटन आहे, कोपऱ्यात, करड्या रंगाचं. मी रोज पाहत होती, वाटे काही कामाचं नसेल.
दाबलं. मशीननं विचारलं, नक्की? भेत भेत पुन्हा दाबलं.
मग फोन-डेस्कवर जाऊन सगळ्यांसमोर बोलली. म्हटलं, चूक माझी आहे, जिथं जिथं मशीननं दोघांचं एक केलं ते सारे पेशंट आपल्याले हातानं पाहायचे आहेत, आजच. एक पोट्टी रडायले लागली, काहून कोण जाणे. सरोजनं पदर खोचला अन् फोन उचलला. "चल ओ, गोठियाबो." चला, बोलू या.
सर आले. दारात उभे राहिले. स्क्रीन काळी. "ये क्या है?" मी म्हटलं, बंद केलं सर. "किससे पूछकर?" म्हटलं, "मालकीण मी आहे ना." मराठीतच निघालं. त्यांना समजलं. सोमवारी बोर्डासमोर यायले सांगून गेले. नोकरी गेली समजा.
फोनमधून एकेक निघून राहिलं. एका सुकवाराबाईच्या जागी दोन. एका मंगलूच्या जागी काका अन् पुतण्या. सगळे ठीक, देवाची कृपा. फूलबाईचं मात्र काहीच नाही. मितानिनचा नंबर बंद. त्या भागातल्या सरपंचाचा नंबर सरोजच्या भाच्यानं दिला, त्यानं उचलला नाही.
डॉ. मॅडम म्हणाल्या, डोकं दुखलं तर, लघवी लाल झाली तर, पडली तर. एवढं बोलून पुन्हा फोनले लागल्या. ह्यांनी रात्रीच गाडीवाल्याशी बोलून ठेवलं. उद्या सकाळी आपल्या पैशानं, आपण जाऊ, म्हणाले.

२२ नोव्हें., शनि.
सकाळी निघायच्या आधी रिपोर्टांच्या झेरॉक्स घ्यायले ऑफिसात आली. खाली हे गाडीत बसले आहेत. पाहुण्यांसाठी दारात फुलांच्या माळा लावून राहिले. माळा बांधणारा मले "दीदी, थोड़ा हटिए" म्हणाला.
जिन्यात असताना फोन. मितानिन! नाव केंवरा. ट्रेनिंगले गेली होती, मोबाईल घरीच राहिला, आता चार्ज केला तर एवढे मिस्ड कॉल पाहून भेली बिचारी. मी एका दमात सांगितलं: फूलबाई, झडपवाली, गोळी आत्ता बंद, उचलून आणा, गाडी निघाली आहे.
तिनं सगळं ऐकलं. मग, "कोन फूलबाई, मैडम? हमर पारा म तो तीन झन फूलबाई हें. तीनों तुंहरे अस्पताल के गोली खाथें. कोन ला भेजंव?"
तीन.
मशीनमध्ये एक होती. आम्ही दोन शोधून राहिलो होतो. तिसरीचा रिपोर्ट कोणाच्या नावावर, शेवटचा कधी, तिले कधीपासून कोणी फोन…
म्हटलं, तिघींनाही. तिघींची गोळी मी सांगेपर्यंत थांबवा, कोणी कामावर जाऊ नका. सरोज धावत आली, तिनं दुसऱ्या फोनवर डॉ. मॅडमले लावून दिलं. मॅडम म्हणाल्या, हो, एक डोस चुकला तर चालेल, पण तिघींचंही रक्त आजच पाहिजे.
केंवरा चालत चालत बोलून राहिली. "दू झन तो इहें हें, मोर आघू म. तीसर के घर जावत हंव." दोघी तिच्या समोरच आहेत, तिसरीच्या घरी निघाली.
फोन कानाशी आहे. काही सुचेना म्हणून हे लिहून राहिली, अक्षर वाकडं जाऊन राहिलं. खालून ह्यांनी हॉर्न दिला. तिकडं कोंबड्या ऐकू येतात, कोणाच्यातरी अंगणातलं दार वाजते. केंवरा हाक मारून राहिली.
फूलबाई. ओ फूलबाई.
पुन्हा दार वाजवते आहे.