ॲपवर हिरवं दिसतंय

२४ एप्रिल
तीन मेला संस्कृतीची नर्सिंगची सीईटी. सेंटर संभाजीनगर. साडेआठला गेट बंद, मग देव आला तरी आत घेत नाय. मागच्या साली तापात हुकली. यंदा हुकली तर स्थळं बघू, असं माझी आई म्हणती. पोरगी न जेवता उठली. मी ठणकावून सांगितलं, माझ्या गाडीतून नेणार. पिशोरातली पहिली इलेक्ट्रिक कार काय शोभेला घेतली?

२७ एप्रिल
गाडी सेकंडहँड. फुल चार्जला एकशेदहा किलोमीटर. घरी व्होल्टेज लो, रातभर लावली तरी निम्मीच भरती. हरकत नाय. शहराच्या तीस किलोमीटर अलीकडं मोतीरामच्या ढाब्यावर चार्जर आहे. ॲपवर रोज बघतोय, कायम हिरवं. एकदा बी कुणाची गाडी लागलेली नाय. नशीब जोरावर आहे.

२९ एप्रिल
बायको म्हणाली, एकदा जाऊन बघून या. मी म्हणालो, बघायला जाण्यात चार्ज जातो. तिनं कपाळाला हात लावला. तिचा भाऊ पुंजाराम रोज दुधाचा पिकअप घेऊन शहरात जातो, त्यात पाठवा म्हणे. माझी लेक दुधाच्या कॅनसोबत परीक्षेला? मी जिवंत असताना? विषय बंद.

२ मे, संध्याकाळ
लाईट गेली. गाडी एक्कावन्न टक्के. ढाब्यापर्यंत लई झालं. संस्कृतीनं विचारलं, अण्णा, नक्की ना? मी हसलो. ॲप उघडून दाखवलं, हिरवं.

३ मे, पहाटे ५.०५
निघतोय. एसी बंद, रेडिओ बंद.

६.१५
ढाबा. नऊ टक्के. पुंजारामचा पिकअप सारा रस्ता मागं. मी चाळीसनं चालवतोय तरी ओव्हरटेक करंना. भित्रा गडी.

६.२५
चार्जर सापडला. त्यावर झेंडूचा सुकलेला हार. मोतीराम म्हणाला, दसऱ्याला पूजा केली, मीटर अजून यायचंय. मी ॲप दाखवलं. तर म्हणे, हिरवंच दिसणार ना भाऊ, कुणी लावंल तवा लाल व्हईल.

६.४०
त्याच्या फ्रिजच्या बोर्डाला वायर लावली. फ्यूज उडाला. संस्कृती हॉल तिकीट छातीशी धरून उभी. ओरडली असती तर बरं झालं असतं.

६.५०
पुंजाराम चहा पिऊन आला. मी विचारलं, तू इथं कसा? म्हणाला, ताईनं चार दिवसाखालीच बजावलंय, दाजींच्या मागं राहायचं, पुढं जायचं नाय. संस्कृती जाऊन पिकअपमधी बसली. पुढच्या सीटवर तिची पाण्याची बाटली, डबा, हॉल तिकिटाची दुसरी झेरॉक्स, सगळं आधीच ठेवलेलं. म्हणजे तिला बी माहीत होतं. तरी पंचेचाळीस किलोमीटर माझ्याशेजारी बसून आली. एका शब्दानं बोलली नाय.

८.१०
पुंजारामचा फोन. पोरगी आत गेली. मी ढाब्यामागं जाऊन रडलो. मोतीरामनं बघितलं. धूर गेला म्हणालो.

दुपारी १
पेपर बरा गेला. पुंजाराम येताना दोर आणतोय, गाडी ओढत पिशोरला. संस्कृतीनं निरोप दिलाय, ती माझ्याच गाडीत बसणार. स्टिअरिंग अर्थात मीच धरणार.