मंपिर

कोतागदे, जोग्जा, जावा
शुक्रवार, १४ जून

लाडक्या लारासातीस,

आईचे आशीर्वाद. मी बरी आहे, गुडघे आपल्या मर्जीने चालतात, कोंबडी अंडी देते. तूही तिकडे बालिकपापानच्या उकाड्यात वेळेवर जेवत असशील असं धरून चालते. फोनवर तू प्रत्येक गोष्टीला "हो आई" म्हणतेस आणि तेवढ्यात तुला कुणीतरी हाक मारतं. म्हणून लिहायलाच बसले.

ऑफिसातल्या मैत्रिणींना घेऊन जोग्जा दाखवायला येतेस, तीन दिवसांचा बेत आखून दे, असं म्हणालीस. जन्म तुझा इथला, आणि बेत आईने आखायचा. असो, आखते.

पहिल्या दिवशी सकाळीच राजवाडा उरका, दुपारी लवकर दारं लावून घेतात. तिथून पाण्याचा महाल पायी जाण्यासारखा आहे. वाटाड्या आपणहून चिकटेल. त्याला आपल्या जावानीज बोलीत एक वाक्य ऐकव, म्हणजे थापा जरा कमी मारेल. संध्याकाळी राजवाड्याच्या दक्षिणेच्या मैदानावर जा. डोळ्यांवर पट्टी बांधून दोन वडांच्या मधून सरळ चालायची मजा तुझ्या मैत्रिणींनाही करू दे. तू लहानपणी पट्टी बांधून जी निघालीस, ती थेट भाजक्या कणसांच्या गाडीवर जाऊन आदळलीस. बाबा म्हणाले होते, "पोरीला कुठे जायचं ते बरोबर कळतं." ती गाडी आता त्या कणीसवाल्याची सून चालवते.

दुसऱ्या दिवशी प्रंबाननची देवळं. उन्हं उतरल्यावर जा, तरी टोपी विसरू नकोस, तुझं डोकं लगेच दुखतं. हॉटेलातलं फणसाचं गुडेग मात्र खाऊ नका. बाहेरच्यांना फार गोड होतं म्हणून त्यात गूळ कमी घालतात आणि वर त्यालाच गुडेग म्हणतात.

तिसऱ्या दिवशी चांदीची दुकानं बघायला तुम्ही कोतागदेला येणार. म्हणजे आपल्या गल्लीच्या तोंडाशीच. त्यावर तू म्हणालीस, "वेळ मिळाला तर तुझ्याकडे मंपिर करेन, आई."

मी म्हटलं, "कर की." तू फोन ठेवलास. मी मात्र तो शब्द स्वतःशी पुन्हा म्हणून पाहिला.

मंपिर. अगं, हा शब्द आपण कुणाला वापरतो? मी अंगण झाडत असते, शेजारचे वागिमिनकाका सायकलवरून जातात. मी म्हणते, "मंपिर काका, या ना, बसा." ते "हो हो" म्हणतात आणि पायडल मारत निघून जातात. त्यांचा मान राहिला, माझाही राहिला. खरंच उतरले असते तर मलाच घाम फुटला असता, डब्यात साखर आहे की नाही ते आधी बघावं लागलं असतं. वाटेवरच्या माणसाने जाता जाता डोकवायचं, ते मंपिर. स्वतःच्या घरी कुणी मंपिर करत नाही. घरी नुसतं येतात.

समोर भाड्याने राहणाऱ्या तिउरबाई तुला आठवत असतील. सुमात्राकडच्या, बाताक जमातीच्या, कुजबुजल्या तरी गल्लीभर ऐकू जायचं. आल्या त्या दिवशी मी सवयीने म्हटलं, "मंपिर." बाई फाटक उघडून सरळ आत. खुर्चीत बसल्या आणि म्हणाल्या, "काय आहे खायला?" माझी अशी तारांबळ उडाली की केळी तळताना हात भाजला. दुसऱ्या दिवशी मी पुन्हा म्हटलं, त्या पुन्हा आल्या. गल्लीतल्या बायका तोंडावर हात ठेवून हसायच्या. म्हणायच्या, "त्या बाईला रीत सांगा कुणीतरी." मी काही सांगितलं नाही. पुढे पुढे तर मी केळी आधीच सोलून ठेवायला लागले.

ईद झाल्यावर त्यांची तिकडे सुमात्रातल्या मेदान शहरात बदली झाली. मी तुला फोनवर सांगते ना, घरात सारखी ये-जा असते, काळजी करू नकोस म्हणून? ती ये-जा म्हणजे एकट्या तिउरबाई होत्या. आता मी रोज फाटकाशी उभी राहून येणाऱ्या-जाणाऱ्याला मंपिर म्हणते. सगळे हो म्हणतात. आपली माणसं रीतीला फार पक्की.

बाबा गेल्यापासून तुला या घरात झोप लागत नाही, ते मला ठाऊक आहे. मागल्या खेपेला तू त्यांच्या खोलीवरून मान खाली घालून जायचीस, ते मी पाहत होते. म्हणूनच हॉटेल घेतलंस. मला राग नाही. झोप मलाही लागत नाही, पोरी. दोघींना लागणार नसेल तर दोघी मिळून जागू. त्यांच्याबद्दल बोलू, नाहीतर तुझ्या साहेबाला शिव्या घालू.

मी एकटी पडले आहे, लारासाती. हे आजवर लिहिलं नाही, कारण तू लगेच म्हणशील, मग तू इकडे ये. मला बालिकपापान नको आहे. तू हवी आहेस, इथे, या घरात, आंघोळीला उशीर करणारी आणि ओला टॉवेल खुर्चीवर टाकणारी.

तेव्हा तिसऱ्या दिवसाचा बेत मी आखलेला नाही. चांदी तुझ्या मैत्रिणी बघतील, त्यांना दुकानदार पुरे आहेत. त्यांनाही आणलंस तर चटया भरपूर आहेत. तू पिशवी घेऊन ये, कपड्यांची.

मी फाटकाशी असेन. पण तुला मंपिर म्हणणार नाही. म्हटलं तर तू हो म्हणशील आणि पुढे निघून जाशील. फाटक उघडं असेल, केळी सोललेली असतील.

तुझ्याच घरातून,
आई