बाकीचं ऊन फुगवेल

३ एप्रिल
परवा नातीला पाच पूर्ण. तिने वर्गभर सांगून ठेवलंय की आमच्या घराचं छत फुग्यांनी झाकलेलं असेल. सूनबाई म्हणाली, डेकोरेशनवाल्याला बोलावू. म्हटलं, मी घरात असताना? त्यावर म्हणते, बघा हं आई, पोरीने शब्द दिलाय. मला सांगते!

४ एप्रिल, दुपारी
देवाची कृपा. रद्दी काढताना मुलाचं जुनं विज्ञानाचं पुस्तक उघडलं, तर नेमका हाच धडा. दाब तोच ठेवला की वायू तापमानाच्या प्रमाणात फुगतो. साधं त्रैराशिक! पहाटे वीस अंश, दुपारी चाळीस. म्हणजे दुप्पट. फुगे पहाटे निम्मेच भरायचे, बाकीचं ऊन फुगवेल. दहा फुग्यांच्या गॅसमध्ये वीस. मॅट्रिकला गणितात बासष्ट उगीच नव्हते पडले.

संध्याकाळी
सून शाळेत विज्ञान शिकवते. म्हणाली, आई, या प्रमाणाचं शून्य आपल्या शून्याच्या दोनशे त्र्याहत्तर अंश खाली असतं; फुगा जेमतेम सात टक्के वाढेल. म्हटलं, इतक्या खाली जायचं कारणच काय? आपल्याकडे कधी बर्फ पडलाय? पेपरातून डोकं न काढता हे म्हणाले, तिचं ऐक. यांनाही आजकाल पगारदाराचंच खरं वाटतं.

५ एप्रिल, सकाळी ६
फुगेवाला कुरकुरला. आजी, निम्मा भरलेला उडायचा नाही, नाव माझं जाईल. म्हटलं, तू गॅस भर, शास्त्र माझ्यावर सोड. वीस चंदेरी फुगे ओल्या टॉवेलसारखे खांद्यावर टाकून आणले.

दुपारी १
अडतीस अंश. फुगे जमिनीवर. दोन अंश कमी पडताहेत, एवढंच.

दुपारी ३
चाळीस. मला फुगे गुबगुबीत वाटतात. ह्यांना वाटत नाहीत. देवापुढे हात जोडून आणखी ऊन मागितलं. पंखे, खिडक्या बंद केल्या.

५ वाजता
मुलं आली. केकवरचं क्रीम ताटात उतरलं होतं. सगळी आधी छताकडे बघत होती, मग नातीकडे. एक पोरगी म्हणाली, खोटारडी. सुनेने पंखे लावले आणि मुलांना खेळायला गच्चीवर नेलं.

साडेसात
नात मांडीवर येऊन बसली. डोळे सुजलेले. कानाशी लागून म्हणाली, आजी, पुढच्या वर्षी आईला करू दे, तू दमतेस.

एवढीशी पोर, पण किती जपून बोलते. माझ्यावर गेली आहे.