सोळाव्या रकान्यातली रेघ

४ फेब्रुवारी

प्रिय काचवाले यांस,
स.न.वि.वि.

तुझं पत्र परवा हातात पडलं, टाकल्यापासून बाराव्या दिवशी. इथून परदेशी फोन लावू देत नाहीत आणि पत्रांचं हे असं. आपली भाषा इथल्या कुणालाच येत नाही, म्हणून आठवड्यातून एकदा एक दुभाषीबाई येतात, पत्र वाचतात, आक्षेपार्ह काही नाही असा शिक्का मारतात आणि मगच ते मला मिळतं. माझ्या घोरण्यावर तू अर्धं पान खर्च केलं आहेस, ते त्यांनी माझ्याआधी वाचलं. पत्र देताना बाई खाली बघून हसत होत्या. दुभाषीबाई, तुम्हालाही नमस्कार. हा माणूस तिखटमीठ लावून सांगतो, विश्वास ठेवू नका.

मला आता शिवणखोलीत घेतलं आहे. दिवसाला उशांचे चाळीस अभ्रे. शिलाई वाकडी गेली की उसवून पुन्हा घालायला लावतात आणि माझ्या रोज दोन-तीन तरी वाकड्या जातात. मेअखेर शिक्षा संपते. वकीलबाई येऊन गेल्या. माझा इथं राहण्याचा परवाना कायम आहे, त्यामुळे नवऱ्याला बोलावण्याचा हक्कही शाबूत आहे, असं त्यांनी दोनदा सांगितलं. फक्त तुझ्या व्हिसाच्या अर्जात माझ्या शिक्षेचं सगळं स्पष्ट लिहिलेलं हवं. लिहिलं आहे ना रे? बाबांनी भरून दिला, एवढंच तू कळवलंस. ते पान एकदा बघ आणि मला सांग. त्या दारातून बाहेर पडले की पुढं कुणाकडे बघून चालायचं?

बाबा बरे आहेत ना? आठ महिन्यांत त्यांची एक ओळ नाही. जावयाचं कौतुक आणि पोटच्या मुलीचा विसर, असं त्यांना माझ्या वतीनं सुनाव.

लोभ आहेच, तो शिक्क्यासकट असाच राहू द्यावा.

तुझीच,
बाईसाहेब

१९ फेब्रुवारी

प्रिय बाईसाहेब यांस,
स.न.वि.वि. दुभाषीबाईंना वेगळा नमस्कार. घोरण्याबद्दलचा एकही शब्द मी मागे घेणार नाही.

तुझं पत्र आलं तशी अर्जाची नक्कल काढून बसलो. दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काचा घासतो, आणि स्वतःच्या सहीचा कागद मात्र नीट पाहिला नव्हता. सोळावा रकाना असा आहे: बोलावणाऱ्या व्यक्तीला कधी शिक्षा झाली आहे का, असल्यास तपशील. तिथं बाबांनी पट्टी धरून एक आडवी रेघ ओढली आहे. ना हो, ना नाही.

नक्कल घेऊन मी त्यांच्या टेबलाशी गेलो. चाळीस वर्षं कचेरीबाहेर बसून लोकांचे अर्ज लिहून देणाऱ्या माणसाला अर्जातलं शिकवणारा मी कोण, असं वाटत होतं, तरी विचारलं. त्यांनी आजूबाजूच्या टेबलांकडे बघून आवाज खाली आणला. म्हणाले की रेघ म्हणजे नाही असं नव्हे, रेघ म्हणजे विचाराल तेव्हा सांगू. खोटं लिहिलेलं नाही, सबब काळजीचं कारण नाही. तेवढ्यात शेजारचा टायपिस्ट आला, तर लगेच मोठ्यानं मला विचारू लागले की हिच्या बढतीचं काही कळलं का. बाईसाहेब, त्या रांगेत तू वृद्धाश्रमाची मुख्य परिचारिका झाली आहेस. कामाच्या व्यापामुळे तुला घरी फोन करायला सवड होत नाही, हे स्टँपवाल्यापासून सगळ्यांना ठाऊक आहे.

आपण होऊन नवा कागद पाठवला तर नसती शंका निघेल, असं बाबांचं म्हणणं. त्यांच्या हातून हजारो अर्ज गेले आहेत. मी नक्कल घेऊन परत आलो, पण झोप उडाली आहे. तूच सांग काय करू.

राग आला तरी लोभ कमी होऊ देऊ नये.

तुझाच,
काचवाला

३ मार्च

प्रिय,
स.न.वि.वि. आज थट्टा नाही.

त्या रेघेचं वाचलं आणि तशीच लिहायला बसले. मी इथं का आहे ते तुला वकीलबाईंच्या कागदांवरून कळलं. मी स्वतः कधी सांगितलं नाही, धीर झाला नाही. आज सांगते.

आमच्या वृद्धाश्रमात दर दोन तासांनी प्रत्येक खोलीत जाऊन बघायचं आणि नोंदवहीत सही करायची. माणसं कमी, खोल्या जास्त. दुपारच्या दोन्ही फेऱ्यांच्या सह्या आम्ही सगळ्याच जेवणाआधी उरकून घ्यायचो. कुणाला ते खोटं वाटत नव्हतं, सोयीचं वाटत होतं. त्या दिवशी सात नंबरच्या आजी पलंगाजवळ पडल्या. तीन तास फरशीवर होत्या. त्या तीन तासांत वहीत माझ्या दोन सह्या आहेत, आजी ठीक आहेत म्हणून. तिसऱ्या दिवशी त्या गेल्या. पडदा अर्धाच सरकवायचा, पुरता उघडला की त्या माझ्यावर खेकसायच्या. मला त्यांची फार आठवण येते आणि माझी मला फार लाज वाटते.

बाबांची रेघ ही तशीच सोय आहे आणि तिच्याखाली तुझी सही आहे. हे पत्र त्यांना वाचून दाखव. उठून जाऊ लागले तर दार अडव. कचेरीनं विचारायच्या आत तुम्ही सांगा, एवढं माझं ऐका.

तुझी,
बाईसाहेब

८ मार्च

प्रिय बाईसाहेब यांस,
स.न.वि.वि.

तुझं उत्तर अजून आलेलं नाही, तरी घाईनं लिहितो. सोमवारी व्हिसा कचेरीचं पत्र आलं. त्यांना सगळं ठाऊक आहे, शिक्षेची तारीख, मुदत, तुरुंगाचं नाव, सगळं. तीस दिवसांत खुलासा द्यायचा आहे. माहिती दडवली असं ठरलं तर अर्ज नामंजूर, आणि दहा वर्षं पुन्हा अर्ज करता येणार नाही. मी छत्तीस वर्षांचा आहे. बेरीज करून बघितली आणि जेवणावरून उठलो.

बाबांनी पत्र तीनदा वाचलं आणि बसल्या बैठकीला तीन मसुदे केले. एकात नजरचूक, दुसऱ्यात टपालातली गडबड, तिसऱ्यात मुळात रकान्याची भाषाच संदिग्ध. तिन्ही इतके सफाईदार की खरं काय घडलं ते क्षणभर मलाच आठवेना. वकीलबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या की ज्यानं रेघ ओढली त्यानं ती का ओढली हे प्रतिज्ञापत्रावर लिहून द्यावं, बाकी कशाचा उपयोग नाही. बाबांना तसं सांगितलं. ते उठून आत गेले. चार दिवस टेबलावर गेलेले नाहीत, आणि मलाही त्यांना खडसावायला जीभ रेटत नाही.

घाबरू नकोस असं लिहायला हवं, पण मीच घाबरलो आहे.

लोभाची आज फार गरज आहे.

तुझाच,
काचवाला

२० मार्च

प्रिय काचवाले यांस,
स.न.वि.वि.

आठ तारखेचं पत्र काल मिळालं. आज सकाळी मी इथल्या कार्यालयात कागद दिला, की मी माझ्या नवऱ्याला बोलावणं मागे घेत आहे. तो थेट व्हिसा कचेरीला जाईल. मागे घेतलेला अर्ज नामंजूर धरत नाहीत, वकीलबाईंना विचारून घेतलं. म्हणजे ती दहा वर्षं तुझ्या मागे लागणार नाहीत.

बाबा तसं कधीच लिहून देणार नाहीत. मी त्यांना तुझ्यापेक्षा जास्त वर्षं ओळखते. माझ्या सहीचं मी भरते आहे, तुझ्या सहीचं तू भरू नकोस. तू दुसऱ्या संसाराचा विचार केलास तर मी राग मानणार नाही, असं लिहिणार होते. पण ते खोटं होईल. मानीन.

प्रकृतीस जपावे.

बाईसाहेब

२१ मार्च

चि. ठमीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्रास कारण की, तुझं तीन तारखेचं पत्र जावईबापूंनी मला वाचून दाखवलं. ते दार अडवून उभे होते, तरी मी मध्येच उठून गेलो. दुसऱ्या दिवशी मागून घेतलं आणि माझं मी वाचलं.

आमच्या रांगेचा रिवाज तू लहानपणापासून पाहिला आहेस. अर्ज लिहून झाला की तो मोठ्यानं वाचून दाखवायचा, त्याशिवाय कुणाची सही घ्यायची नाही. ज्याला अक्षरओळख नाही त्यालाही आपण कशाखाली सही करतो ते कळलं पाहिजे, म्हणून मीच तो पाडला. जावईबापूंचा अर्जही मी वाचून दाखवला. पंधरावा रकाना वाचला, पान उलटलं आणि सतरावा वाचला. त्यांनी माझ्या भरवशावर सही केली. चाळीस वर्षांत असं कुणाला फसवलं नव्हतं, आणि फसवलं ते घरच्या माणसाला.

काल प्रतिज्ञापत्र लिहिलं. आधी, सदर कन्या संबंधित संस्थेत वास्तव्यास असून, असं हाताच्या सवयीनं लिहून गेलो. ते फाडलं. मग लिहिलं की माझी मुलगी तुरुंगात आहे, हे मला ठाऊक होतं, जावयाला न दाखवता मी रेघ ओढली आणि लाज वाटली म्हणून ओढली. सगळ्या मिळून अकरा ओळी झाल्या. नोटरीला घरी बोलावता आलं असतं. ते मनात आलंही. पण म्हटलं, आता पुरे, आणि टेबलावर गेलो. टायपिस्टच्या हातात कागद दिला आणि रिवाजाप्रमाणे मोठ्यानं वाचायला सांगितलं. दुसऱ्या ओळीला तो थांबला. आजूबाजूची यंत्रंही थांबली. मी पुढं वाचायला सांगितलं. त्यानं शेवटपर्यंत वाचलं आणि मी सही केली.

मग स्टँपवाल्यानं विचारलं की पोरगी सुटणार कधी. मेअखेर, म्हणालो. त्यानं मान हलवली आणि आपल्या गिऱ्हाइकाकडे वळला. मी मोठं काही तरी होईल म्हणून जीव मुठीत धरून बसलो होतो, आणि झालं ते एवढंच.

लोक मला काय म्हणतील, ही भीती होती. तुझी लाज असं मी तिला नाव दिलं. नऊ महिने तुला लिहायला बसायचो आणि पाकिटावर तो पत्ता घालायला हात धजायचा नाही. त्या सात नंबरच्या बाईंचं वाचून मला तुझा राग आला, हेही सांगतो. आणि त्याच वेळी तुला जवळ घ्यावंसं वाटलं. दोन्ही खरं आहे. मला माफ कर.

बाकी सर्व क्षेम. तुझं कुशल तुझ्या हातानं कळव.

तुझे,
बाबा

४ एप्रिल

प्रिय बाईसाहेब यांस,
स.न.वि.वि.

एक तारखेला मला व्हिसा कचेरीत बोलावलं. बाबांचं प्रतिज्ञापत्र पोचलं होतं, म्हणून इस्त्रीचा शर्ट घालून जरा ऐटीतच गेलो. अधिकारीबाई वयस्कर, बोलायला रोखठोक, चष्म्याचा नंबर चुकलेला. त्यांनी माझ्यापुढं दोन कागद ठेवले. पहिला बाबांचा. त्यावरून माझ्याकडून दडवादडवी झाली नाही हे त्यांना पटलं होतं. दुसरा तुझा.

तुझं वीस तारखेचं पत्र मला तेव्हा मिळालेलं नव्हतं. तू मला बोलावत नाहीस हे मी परक्या बाईसमोर, परक्या टेबलावर वाचलं. पायाखालची जमीन सरकली म्हणतात ती मला त्या दिवशी कळली. त्यांनी विचारलं की नवराबायकोत बेबनाव आहे का. मी म्हणालो की आहे, मी न बघता सही केली म्हणून ती माझ्यावर चिडली आहे, आणि तिचं बरोबर आहे. पण हा कागद रागाचा नाही, माझ्या काळजीपोटी लिहिलेला आहे. त्या म्हणाल्या की काळजी वगैरे त्यांच्या रकान्यात बसत नाही.

आता नीट वाच. ज्यानं मागे घेतलं त्यानंच ते फिरवायचं, असा नियम आहे. त्यांनी तुझ्याकडे एक कागद थेट पाठवला आहे. त्याचं उत्तर पंचवीस तारखेच्या आत त्यांच्या टेबलावर हवं. तू हो लिहिलंस तर मंजुरीला दुसरी कसलीच अडचण नाही. नाही लिहिलंस किंवा उशीर झाला, तर प्रकरण बंद.

मला यायचं आहे. दया म्हणून नाही, तेवढा मोठ्या मनाचा मी नाही. तीन वर्षं वेगळं राहून झालं, मला तुझ्याशिवाय करमत नाही. माझ्या भल्याचं ठरवताना एकदा मला विचारत जा. दुभाषीबाई, हे पत्र तेवढं लवकर वाचा, पाया पडतो.

लोभ असेल तर हो लिही.

तुझाच,
काचवाला

१६ एप्रिल

प्रिय काचवाले यांस,
स.न.वि.वि.

कचेरीचा कागद आठ तारखेलाच आला होता. तो आठ दिवस माझ्याकडे तसाच पडून राहिला, आणि त्या आठ दिवसांत मी एकही अभ्रा सरळ शिवला नाही. तू येशील, मला बघशील आणि मनातल्या मनात पस्तावशील, हे माझ्या डोक्यातून जाईना. मी पूर्वीसारखी राहिलेले नाही रे. दार वाजलं तरी दचकते. जेवताना चटकन कुणी उठलं तर माझा घास अडकतो.

परवा बाबांचं वाटेत कुठं तरी अडकलेलं पत्र आणि तुझं पत्र एकदमच मिळालं. दुभाषीबाई ठरलेल्या दिवसाची वाट न बघता आल्या होत्या. बाबांचं वाचून मी शिवणखोलीत सगळ्यांदेखत रडले. त्यांना वेगळं लिहिते आहे.

आज कागद भरला. इथल्या कारकुनानं माझ्यासमोर पाकीट बंद करून हवाई टपालात टाकलं. बावीसपर्यंत पोचेल असं तो म्हणाला. पोचेल ना? मी त्याला तीनदा विचारलं, शेवटी तो वैतागला.

नवऱ्यानं तुमच्याकडे राहायला यावं अशी इच्छा आहे का, असा पहिला प्रश्न होता. हो लिहिलं. मग आधी बोलावणं मागे का घेतलं, त्याचं कारण विचारलं होतं. भीती वाटली म्हणून, असं लिहिलं. खाली आणखी एक रकाना होता, की आता पुन्हा का बोलावता. त्यापुढं बरीच जागा मोकळी सोडलेली होती. मी खूप वेळ विचार केला, मग एकच ओळ लिहिली. भीती अजूनही वाटते, पण आता ती एकटीनं वाटून घ्यायची नाही.

लोभ पाकिटात घालून पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये.

तुझीच,
बाईसाहेब