गल्लीची लाईट माझ्याकडं

२ मे
आमच्या ह्यांना दवाखान्यातून घरी आणलं. श्वास पुरत नाय म्हणून ऑक्सिजनचं मशीन दिलंय. लाईट गेली की मशीन बंद. आन गारखेड्यात उन्हाळ्यात संध्याकाळी लाईट जातीच! लई घोर लागलाय. लेक कृष्णा म्हणला, जोडीला सिलेंडर भाड्यानं आणतो.

३ मे
नात सायली मुंबईला विजेच्या कंट्रोल रूममधे इंजिनेर हाय. माझी नात! फोनवर सगळं समजावलं. वीज काय रांजणातलं पाणी नाय, भरून ठेवायला. लोक वापरतील तेवढी त्याच घडीला बनवावी लागती. उद्याची आजच बोली लावून घेतात. दिवस मावळला की सोलार बंद, मागणी जास्त, भाव वर. जाधववाडीच्या मंडीत उलटं, संध्याकाळी मेथी मातीमोल. माझी कालचीच जुडी अजून ताजी हाय. असो. म्हंजे संध्याकाळी सगळ्यांनी कमी वापरलं की लाईट जाणारच नाय. हे मोठ्या साहेबांना कसं सुचलं नाय?

५ मे
गल्लीची मीटिंग घेतली. सात ते साडेआठ कूलर, मोटार, इस्त्री बंद. साडेआठला मी थाळी वाजवीन, मग लावा. शेजारची कडूबाई म्हणली, "बानाबाई, लाईटीची मंत्री झालीस व्हय?" पण ह्यांच्यासाठी, तिच्या सोनाजीदादांसाठी म्हणून बिचारीनं कूलर बंद केला.

८ मे
लाईट एकदाबी गेली नाय. मी हे करून दाखवलं. हे मास्कमधून काहीतरी पुटपुटले. शाबासकीच असणार.

१० मे, दुपार
सिलेंडर आला. दारात उगीच अडगळ, आन भाडं फुकटचं. परत पाठवला. कृष्णा चितेगावला कंपनीत होता. सांगीन सवडीनं.

११ मे
मागची गल्लीबी आपल्यात आली! उद्यापासून त्यांचेबी कूलर माझ्या थाळीवर. सायलीला सांगायचं होतं, पण ती ड्युटीवर.

१२ मे
ऊन असं की भिंतीला हात लावला तर चटका. साडेआठला थाळी वाजवली. दोन्ही गल्ल्यांचे कूलर, मोटारी एकदम घुरघुरल्या. अंगावर मूठभर मांस चढलं. तेवढ्यात दोन्ही गल्ल्यांना लाईट देणाऱ्या कोपऱ्यावरच्या डीपीतून धडाम आवाज, आन अंधार. मशीन पीं पीं करून गप. कृष्णा वरडला, "आई, सिलेंडर कुठाय?" ह्यांना उचलून रिक्षात घातलं. ओठ काळेनिळे पडले होते.

१३ मे
जिवाचा धोका टळला. कृष्णा माझ्याशी बोलत नाय. सायलीचा फोन आला. राज्यात तेव्हा वीज पुरेशी होती म्हणं. "आजी, पूर्वीसारखं कुणी आधी, कुणी नंतर लावलं असतं तर डीपीनं पेललं असतं. सगळ्यांनी एकदमच बटणं दाबली." मी म्हणलं, डीपीच जुनी असंल. तिनं फोन ठेवला.

१५ मे
दवाखान्यात डबा घेऊन गेले. डॉक्टर म्हणले, उद्या घरी न्या. ह्यांनी मास्क बाजूला केला आन म्हणले, "डॉक्टरसाहेब, चार दिवस अजून ठेवा. हितं आमची बायको लाईट सांभाळत नाय."
नर्सबाई हसल्या. गोळ्यांची गुंगी असंल, मी मनावर घेतलं नाय. डबा तिथंच ठेवला आन पायी घरी आले.